शिंगाच्या चमच्यांवरचा तो फॉरवर्ड

सिॲटलच्या मावसबहिणीने फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकलाय, वर 'किती छान माहिती!' असा शेरा. अलास्काच्या आग्नेय किनाऱ्यावरच्या ट्लिंगिट लोकांचे कोरीव चमचे म्हणे हस्तिदंती असतात, दांड्यावर त्यांचे देव असतात, म्यूझियमने वाचवले म्हणून ते म्यूझियमचेच, आणि असा जुना चमचा हाती आलाच तर धुऊन, तेल चोळून खुशाल जेवायला घ्यावा, कारण 'जुनं ते शुद्ध'.

हस्तिदंताचं आधी उरकते. काळा दांडा डोंगरी बकऱ्याच्या शिंगाचा, पिवळसर वाटी बऱ्याचदा डॉल नावाच्या जंगली मेंढ्याच्या शिंगाची. शिंग उकळून मऊ करायचं, साच्यात दाबायचं, गार झालं की आकार धरतं. हस्तिदंताशी असं करून बघा! आणि ते देव नाहीत. डोमकावळा, अस्वल, लांडगा ही कुळांची चिन्हं, आईकडून चालत येणारी.

'धुऊन जेवा' वाचून मात्र डोकंच फिरलं. शिंग म्हणजे केराटिन, आपल्या नखांत असतं तेच. कसर आणि कार्पेट बीटलच्या अळ्या ते आवडीने खातात. म्हणून पूर्वी म्यूझियमं अशा वस्तूंना सर्रास आर्सेनिक किंवा पाऱ्याची संयुगं लावत. ते विष कोरीव खाचांत अजून असू शकतं, दिसेलच असं नाही, आणि साबणाने जाईल याची हमी कोण देणार? असा चमचा तोंडात घालायचा? अमेरिकेत मूळनिवासींच्या वस्तू म्यूझियमांनी त्यांना परत देण्याचा १९९०चा नॅगप्रा कायदा आहे, त्याचे नियमच सांगतात की वस्तू परत देताना तिच्यावर असं काही मारल्याचं ठाऊक असेल तर म्यूझियमने ते सांगायलाच हवं. तेलाने तर नुसती धूळ चिकटते, आणि वाटीत मुरलेल्या जुन्या चरबीच्या खुणांवर नवा थर बसतो.

राहिला हक्क. म्यूझियममुळे काही चमचे टिकले, हे कबूल. पण कुळाची सामायिक ठेव कुणा एकाला विकताच येत नाही, हे नॅगप्राही मानतो. प्रत्येक चमचा त्यात बसत नाही, पर्यटकांना विकायलाही पुष्कळ बनवले गेले. जे बसतात, ते मांडायला किंवा अभ्यासायला जानेवारी २०२४पासून त्या लोकांची आधी संमती लागते.

तेव्हा ताई, तो मेसेज 'डिलीट फॉर एव्हरीवन' कर. काकूने तो तिच्या भिशीच्या ग्रुपवर टाकायच्या आत.