ते सिस्टीममध्ये येतंच सर

मला घासाघीस जमत नाही. मंडईत भेंडीवाली ऐंशी म्हणाली की मी ऐंशी काढून देतो आणि वर तिलाच "बरोबर आहेत ना?" असं विचारतो. त्यामुळे नवीन मोटरसायकल घ्यायची ठरल्यावर बायकोने एकच अट घातली, शोरूमला एकट्याने जायचं नाही, पप्पांना घेऊन जायचं. पप्पा म्हणजे माझे सासरे, मी त्यांना मामा म्हणतो. एसटीत ३२ वर्षं कंडक्टर, सगळी नोकरी सातारा डेपोला. खचाखच भरलेल्या गाडीत तिकीट न काढलेला माणूस नुसत्या मानेवरून ओळखायचे म्हणतात, मी पाहिलेलं नाही पण आता विश्वास बसलाय.

तसा मी २०२५ च्या ऑगस्टपासूनच थांबलो होतो. १५ ऑगस्टला जीएसटी कमी होणार असं कळल्यावर अख्खा देश थांबला होता, आणि शोरूमवाले दिवसाआड फोन करून "सर आत्ताच घ्या, नंतर वेटिंग लागेल" म्हणत होते. २२ सप्टेंबरला ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ वर आला, त्याच दिवशी घटस्थापना, दसरा २ ऑक्टोबरला, म्हणजे शोरूममध्ये यल्लमाच्या जत्रेएवढी गर्दी. आम्हाला टोकन मिळालं सत्तेचाळीस.

गळ्यात आयकार्डाची दोरी घातलेला एक चुणचुणीत पोरगा आला. त्याने पाण्याच्या बाटल्या दिल्या, गाडीवर बसवून फोटो काढला (अजून घेतली नव्हती तरी), आणि मग कोटेशनचा कागद टेबलावर ठेवला. एक्स-शोरूम १,०५,०००. इथपर्यंत सगळं छान होतं. त्याच्या खाली आरटीओ, इन्शुरन्स, हँडलिंग, ॲक्सेसरीज किट, एक्स्टेंडेड वॉरंटी, टेफ्लॉन कोटिंग, नंबरप्लेट, अशी वरातच, आणि सगळ्यात तळाला ऑन-रोड १,३७,४००. म्हणजे बत्तीस हजार चारशे रुपये नुसते रोडवर यायचे. मी सवयीने "बरं" म्हणायला तोंड उघडलं तेवढ्यात मामांनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय ठेवला.

"किती कमी करताय?" मामा.

"काका, जीएसटीतच नऊ हजार कमी झालेत की."

"ते सरकारनं दिलं. तुम्ही काय दिलं?"

पोरगा हसला. त्याला वाटलं म्हातारबा गंमत करतायत. मामांनी खिशातनं चष्मा काढला, पुसला, घातला, आणि कंडक्टरचं तिकिटांच्या हिशोबाचं वेबिल तपासावं तसं बोट ठेवून वरनं एकेक ओळ वाचायला सुरुवात केली. ते दृश्य बघून मला आतापर्यंत चेकिंगमध्ये सापडलेल्या सगळ्या विनातिकीट लोकांबद्दल सहानुभूती वाटली.

"आरटीओ साडेतेरा हजार कसं?"

इथं मी कामाला आलो कारण आदल्या रात्री एक वाजेपर्यंत मोबाईलवर हाच अभ्यास केलेला. दीडशे सीसीच्या आसपासच्या गाडीला महाराष्ट्रात ११ टक्के टॅक्स, म्हणजे ११,५५०, रजिस्ट्रेशनचे ३०० आणि स्मार्ट कार्डाचे २००, वर थोडा सेस. कसंही ओढूनताणून साडेतेरा होत नाहीत. हे मी बोललो खरं, पण इतक्या हळू आवाजात की मामांना पुन्हा मोठ्याने सांगावं लागलं.

"सर ते राउंड फिगर केलंय."

"राउंड तुमच्याच बाजूला कसं काय झालं?" मामा म्हणाले. "आमच्या गाडीत पॅसेंजरचे आठ आणे राहिले तरी तिकिटामागं लिहून द्यायचो आम्ही." आरटीओ १२,३५० वर आलं.

मग हँडलिंग चार्जेस, दीड हजार. मामांनी विचारलं, हे कशाचे. पोरगा म्हणाला, काका गाडी कंपनीतून येते, उतरवायची, पुसायची, ठेवायची. मामा म्हणाले, मग मी काय अर्ध्या रस्त्यातली गाडी घ्यायला आलोय का, दुकानात आहे म्हणूनच दुकानात आलो. यावर त्याने ते वाक्य काढलं जे त्या दिवशी मी किमान दहा वेळा ऐकलं, "ते सिस्टीममध्ये येतंच सर, निघत नाही." नंतर मॅनेजर आले, त्यांनाही निघालं नाही. एवढं एसी शोरूम, भिंतीएवढा टीव्ही, पण कॉम्प्युटरातली एक ओळ पुसता येईना. शेवटी मॅनेजरनी तोडगा काढला, हँडलिंग राहील, पण खाली "दसरा स्पेशल डिस्काउंट १,५००" टाकतो. मामा माझ्या कानात म्हणाले, "पाव्हणं, आमचेच पैसे आम्हाला बक्षीस."

ॲक्सेसरीज किट ४,८५० चं होतं. त्यात क्रॅश गार्ड, सीट कव्हर, साडीगार्ड आणि हेल्मेट. पोरगा म्हणाला किटवर हेल्मेट फ्री आहे. आता माझा आवाज फुटला होता. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९, त्यातला १३८ वा, गाडी घेताना हेल्मेट द्यायलाच लागतं, साडीगार्डसुद्धा नियमातच आहे, मी भडाभडा बोललो, शेजारच्या टेबलावरचं एक कुटुंब आपलं कोटेशन घेऊन आमच्याकडे सरकलं. त्या बाई म्हणाल्या, "आमच्याकडनं साडीगार्डाचे वेगळे घेतलेत." मॅनेजर घाईघाईने म्हणाले सर, आपण केबिनमध्ये बसू.

केबिनमध्ये चहा आला. केबिनमध्ये घेतलं की भाव पडतो हे मामांनी मला आधी सांगायला हवं होतं, मी पार्किंगमध्येच ओरडलो असतो. किट २,२०० वर आलं. टेफ्लॉनचे नऊशे मामांनी "आमच्या तव्याला आहे तेवढं बास" म्हणून उडवले. नंबरप्लेटचे सहाशेही गेले कारण २०१९ च्या एप्रिलपासून नवीन गाडीला हाय सिक्युरिटी नंबरप्लेट गाडीच्या किमतीतच येते. इन्शुरन्सला मात्र वेळ लागला. ९,८०० लिहिले होते. पाच वर्षांचा थर्ड पार्टी सक्तीचा आहे, मान्य, पण दीडशेच्या आतल्या गाडीला त्याचा हप्ता ३,८५१ आणि वर जीएसटी, बाकीचं बाहेरून कुठूनही घेता येतं. बाहेरून घेतो म्हटल्यावर मॅनेजरचा चेहरा असा झाला की जणू मी त्यांच्या मुलीचं स्थळ नाकारलंय. मग बाहेरून घेतलं तर क्लेमला त्रास होतो, कॅशलेस मिळत नाही, दसऱ्याला डिलिव्हरीची खात्री नाही, असं बरंच काही सांगून झाल्यावर ७,९०० म्हणाले. घेतलं.

एक्स्टेंडेड वॉरंटीचे १,२५० मात्र राहिले. तेवढ्यात मामा बाथरूमला गेले होते आणि पोराने मला "सर, फॅमिली मॅन आहात" असं म्हटलं. मी "बरं" म्हणालो.

१,२८,७००. मामांनी बोटांवर मोजून सांगितलं, आठ हजार सातशे वाचले, पोराने कॅल्क्युलेटरवर तीनदा केलं तेव्हा तेवढेच आले. खरं सांगायचं तर वाचले काहीच नाहीत, जे द्यायचंच नव्हतं ते दिलं नाही इतकंच, पण मी घरी फोन करून "आठ हजार सातशे सोडवून घेतले" असं सांगितलं आणि माझा आवाज मलाच ओळखू येईना.

दसऱ्याला डिलिव्हरी. झेंडूचे हार, नारळ, थर्माकोलची दोन फुटी चावी हातात धरून फोटो. शोरूमचा सगळा स्टाफ कंदी पेढ्यांच्या बॉक्सभोवती जमला. पोरगा म्हणाला, "काका एकच बॉक्स?" मामा म्हणाले, "दुसरा हँडलिंगमध्ये धरा."

मामा मागे बसले. मी किक, म्हणजे बटण मारलं. त्यांनी माझ्या खांद्यावर दोनदा टकटक केलं, डबल बेल, गाडी सोडा. पोवई नाक्याच्या दिशेने निघालो, नवीन इंजिनाचा वास, हाराच्या पाकळ्या तोंडावर, मामा मागून ज्याला त्याला हात करतायत, आणि पंप समोर दिसायला लागला तोच गाडी दोन गचके खाऊन गप्प झाली. टाकीत डोकावलो. तळ चकाकत होता.

मामांनी खांद्यावर एकदाच टक केलं. सिंगल बेल.

"पाव्हणं," उतरत म्हणाले, "पेट्रोलचं कोटेशनवर कुठं लिवलं होतं का?"