शेवाळ आलं म्हणून खत बंद करू नका

‘शेवाळ म्हणजे खत जास्त झालं. खत बंद करा, टाकी उपसून फिल्टरसकट नळाखाली धुवा, एक सकर मासा सोडा, काच लख्ख.’ फिश टँकवाल्यांच्या गटांत हा सल्ला सारखा फिरतो. वनस्पती लावलेल्या टाकीत तो जवळजवळ शब्दागणिक चुकतो.

आधी खत. ही समजूत तलावांवरून आली. कॅनडात 1973 साली एका तलावाचे पडद्याने दोन भाग केले. दोन्हींत कार्बन आणि नायट्रोजन घातलं, फॉस्फरस मात्र एकाच भागात. तोच हिरवागार झाला. प्रयोग पक्का आहे, पण त्या पाण्यात आपल्या टाकीसारखी झाडांची दाटी नव्हती. 1996 मध्ये सीअर्स आणि कॉन्लिन या टाकीच्या छंदिष्टांनी हेच सूत्र टाकीत आणलं: फॉस्फेट (फॉस्फरसचंच रूप) तोडा, शेवाळ उपाशी मरेल. पुढे वनस्पतींच्या टाक्यांचे जाणकार टॉम बार यांनी झाडांनी भरल्या टाकीत मुद्दाम फॉस्फेट घातलं. झाडं तरारली, शेवाळ काही आलं नाही. त्यांच्या पद्धतीत नायट्रेट 5 ते 30 आणि फॉस्फेट 1 ते 3 पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत इतके भाग) खुशाल ठेवतात, आणि आठवड्याला निम्मं पाणी बदलतात.

उपासमारीत आधी मरतं ते झाड. शेवाळाला लागतं ते चिमूटभर, आणि तेवढं माशांच्या खाण्यातून येतंच. नायट्रोजन संपलं की जुनी पानं पिवळी पडून सडतात, पोटॅशियम संपलं की त्यांना बारीक भोकं पडतात. शेवाळ बसतं ते नेमकं अशाच पानांवर. काचेवरचे सहजी खरवडून न निघणारे हिरवे ठिपके तर बऱ्याचदा फॉस्फेट कमी पडल्याचीच खूण असतात.

मग दोषी कोण? बहुतेक वेळा दिवा. पाहुण्यांना दाखवायला टाकी दुपारी बारापासून रात्री बारापर्यंत झगमगत असते, शेजारी खिडकीचं ऊन वेगळंच. सहा ते आठ तास पुरे, आणि टायमर लावा, कारण हात विसरतो. प्रकाश वाढला की झाडांची सीओटूची (कार्बन डायऑक्साइडची) भूकही वाढते. सीओटू आज भरपूर, उद्या नाही असा धरसोडीने मिळाला की काळी दाढी, म्हणजे काळ्या झुपक्यांचं शेवाळ, धरते. सिलिंडर असेल तर सीओटू दिव्याच्या तासभर आधी सुरू करा.

फिल्टर नळाखाली धुण्याबद्दल एवढंच: माशांच्या घाणीतला विषारी अमोनिया पचवणारे जिवाणू स्पंजात राहतात आणि नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा.

सकर दुकानात बोटाएवढा दिसतो, वाढून फूटभराहून मोठा होतो. मोठेपणी शेवाळ सोडून तुम्ही टाकलेलं खाणं खातो आणि झाडं उपटतो. मग लोक त्याला नदीत सोडतात, हा तर गुन्हाच म्हणायला हवा. पूर्व कोलकात्याच्या पाणथळीत मासे पाळणाऱ्यांना त्याचा काय ताप झालाय ते विचारा. त्यापेक्षा अमानो कोळंबी (शेवाळ खाणारी छोटी कोळंबी) घ्या. तिची पिल्लं गोड्या पाण्यात जगत नाहीत, त्यामुळे घरी पैदास होईल या आशेवर राहू नका.

काही गटांत चौथा उपायही जोडतात: टाकी तीन-चार दिवस काळ्या कापडाने झाका. हिरव्या पाण्यावर आणि निळ्या-हिरव्या बुळबुळीत थरावर तो चालतो. काळ्या दाढीवर त्याचा भरवसा नाही. तिथे फिल्टर थांबवून 3 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड सिरिंजने थेंबथेंब थेट दाढीवर सोडा. ती गुलाबी पडली की मेली, मग कोळंबी खाते.