पंच नसतो तेव्हा : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. स्वसंरक्षणासाठी दोन दिवसांच्या शिबिरापेक्षा कुस्ती, ज्युदो किंवा बॉक्सिंगचा नियमित वर्ग बरा, असं मी लेखात म्हटलं होतं. तुमचा आक्षेप असा की रस्त्यावर ना पंच असतो ना गादी. समोरचा डोळ्यांत बोटं घालेल, जांघेत लाथ घालेल, चाकू काढेल आणि नियमात खेळणारा तिथे गडबडेल. यातलं बरंच मला मान्य आहे, पण डोळ्यांचा मुद्दा नाही.

शिबिरात डोळ्यांवरचा वार कसा शिकवतात ते आठवा. जोडीदार हात पुढे करून उभा असतो आणि शिकणाऱ्याची बोटं डोळ्यांपासून वीतभर अंतरावर थांबतात. थांबावीच लागतात. म्हणजे मान हलवणाऱ्या, उलट मारणाऱ्या माणसावर हा वार एकदाही करून पाहिलेला नसतो. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये तोक्योत ज्युदो सुरू केला तेव्हा ही अडचण ओळखली होती. घातक प्रकार त्यांनी 'काता'त, म्हणजे ठरवून केलेल्या सरावात ठेवले. 'रांदोरी'त मात्र, विरोध करणाऱ्या माणसावर रोज पूर्ण ताकदीनं करता येतील तेवढेच डाव राहिले. आपल्या तालमीत जोडीशी लढत होते तेव्हा नेमकं हेच साधतं : मानेवर कुणाचा हात पडला तरी तोल जात नाही, छातीवर वजन आलं तरी श्वास घ्यायचं भान राहतं. १२ नोव्हेंबर १९९३ ला डेन्व्हरमध्ये पहिली यूएफसी, म्हणजे वेगवेगळ्या युद्धकलांच्या खेळाडूंना एकमेकांशी लढवणारी स्पर्धा झाली. चावणं, डोळ्यांत बोटं घालणं आणि जांघेत मारणं याला बंदी होती. जिंकला तो सुमारे ८० किलोंचा रॉयस ग्रेसी, आणि तोही धरपकडीच्या जोरावर.

आता तुमचं जे खरं आहे त्याकडे येतो, कारण खेळाडू इथेच फसतात.

पहिली गोष्ट मूठ. बॉक्सर साधारण साडेचार मीटर पट्टी गुंडाळून हाताची हाडं एकत्र बांधतो आणि सरावाला वर १६ औंसांचा ग्लव्ह चढवतो. उघड्या मुठीनं कवटीवर मारलं की करंगळीच्या मुळाशी असलेलं हाताचं हाड मोडतं. डॉक्टर त्याला 'बॉक्सर्स फ्रॅक्चर'च म्हणतात. ऑगस्ट १९८८ मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात बॉक्सर माइक टायसननं रस्त्यावरच्या मारामारीत मिच ग्रीन या दुसऱ्या बॉक्सरला ठोसा मारला आणि स्वतःच्याच उजव्या हाताचं हाड मोडून घेतलं. म्हणून डोक्यावर मारायचं तर मनगटाजवळच्या तळव्यानं. मूठ फक्त पोट-बरगड्यांसाठी. ग्लव्हमागे चेहरा झाकायची सवयही सोडावी लागते, कारण उघड्या पंजांच्या फटीतून ठोसा आत येतो. कोपरं वर घेऊन बाहूंनी झाका.

दुसरी गोष्ट जमीन, आणि ती जास्त महत्त्वाची. कुस्तीत पाठ लागली की हार, म्हणून पैलवान पालथा होऊन माती धरून राहतो. डांबरावर हीच सवय डोक्याची मागची बाजू आणि बरगड्या लाथांसमोर उघड्या टाकते. पट काढणं, म्हणजे पाय धरून पाडणंही तसंच : तो पडतो, पण तुम्हीही त्याच्यासोबत खाली जाता आणि त्याचा मित्र उभाच असतो. तिथे ढाक, म्हणजे उभ्यानं फेकायचा डाव बरा, कारण नीट बसली तर टाकणारा पायांवर राहू शकतो.

पडलातच तर उठायची रीत घोटून ठेवा. उजवा हात मागे जमिनीवर टेका, डावा पाय समोर रोवा, डावा हात चेहऱ्यासमोर धरा. त्या टेकलेल्या हातावर आणि रोवलेल्या पायावर कंबर उचला, उजवा पाय खालून मागे, हाताच्याही पलीकडे खेचा आणि उभे राहा. बहुतेक जण दोन्ही हात पुढे टेकून उठतात. तेव्हा चेहरा नेमका समोरच्याच्या गुडघ्यापाशी जातो.

चाकूबद्दल मी वाद घालणार नाही. मिठीत शिरल्यावर खालचा हात दिसत नाही, म्हणून समोरच्याचा एक हात खिशात किंवा पाठीमागे असेल तर आत शिरूच नये. पळावं.

सरावातच हे घालता येतं. आठवड्यातून एकदा, शेवटची वीस मिनिटं, बूट-जीन्समध्ये, हेल्मेट आणि दातांचं गार्ड घालून, निम्म्या ताकदीनं. सुरुवात भिंतीला पाठ लावून आणि हात खाली ठेवून करा, कारण बाहेर सलामी होत नाही. दहा-पंधरा सेकंदांनी तिसरा माणूस आत सोडा. जिंकायचं नाही, दारापर्यंत पोहोचायचं.

समोरचा पडला की मात्र थांबा. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३७ नुसार बचावासाठी लागेल त्यापेक्षा जास्त इजा करायचा हक्क नाही. एका ठोशानं पडलेला माणूस काँक्रीटवर डोकं आपटून मरू शकतो. अशाच मृत्यूंनंतर ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सनं २०१४ मध्ये कायदा केला : दारूच्या नशेत मारलेल्या ठोशानं माणूस गेला तर किमान आठ वर्षं कैद.

शेवटी तुम्ही भाचीसाठी काय निवडावं ते विचारलंत. ज्युदो निवडा. पण फी भरण्याआधी एक तास बाहेर बसून वर्ग बघा. नव्या मुलींना पहिले काही आठवडे नुसतं पडायला शिकवतात का, हनुवटी छातीला लावून डोकं वाचवायला? आणि महिना-दोन महिने शिकलेल्या मुली विरोध करणाऱ्या जोडीदाराशी खेळतात का? यातलं एक जरी दिसलं नाही तर दुसरा वर्ग शोधा.