गाणाऱ्याला आधी गाऊ तर द्या

आज डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय. एका कार्यक्रमाच्या मीटिंगला गेले होते. आमच्या भागातला एक ढोलकीवाला पोरगा आला होता, विशीतला, हात असा की ऐकत राहावं. त्याला कुणी वाजवायला सांगितलंच नाही. पहिला प्रश्न, 'इन्स्टाला फॉलोअर्स किती?' त्यानं आकडा सांगितला आणि विषय मिटला. मी म्हटलं, कम्युनिटी रेडिओवर, म्हणजे एखादी संस्था आसपासच्या लोकांसाठी चालवते त्या छोट्या एफएम केंद्रावर, त्याचं रेकॉर्डिंग करून घेऊ, सगळे ऐका, मग ठरवा. तर सगळे हसले. 'रेडिओ आता ऐकतं कोण?'

माझी आई ऐकते. आणि नुसती ऐकत नाही, तिथे गायलीही आहे.

आई बोपोडीतल्या एका भजनी मंडळात आहे. काही वर्षांपूर्वी त्यांना एका कम्युनिटी रेडिओनं बोलावलं. सगळ्या जणी पेटी, पखवाज, टाळ घेऊन रिक्षांनी गेल्या. सोबत मीही होते. पहिल्याच अभंगाला रेकॉर्डिंग करणाऱ्या मुलीनं थांबवलं, टाळांबरोबर बांगड्यांचा आवाज माइकमध्ये येत होता. 'काकू, बांगड्या काढून ठेवता?' सगळ्यात म्हाताऱ्या काकू म्हणाल्या, मी सवाष्ण आहे, नाही काढणार. त्या मुलीनं वाद घातला नाही. स्वतःचा रुमाल त्यांच्या मनगटावर गुंडाळला, बाकीच्यांनी पदर आवळले, आणि रेकॉर्डिंग झालं. कुणाला किती लोक ओळखतात हे तिनं विचारलं नाही. पट्टी कुठली, एवढंच विचारलं.

आपण पुणेकर सवाई गंधर्व महोत्सवाचं कौतुक सांगत फिरतो. पण या शहराचं गाणं रेडिओनंही घडवलंय. पुणे आकाशवाणी 1953 ची. 1955 मध्ये तिथून गीतरामायण सुरू झालं, वर्षभराहून थोडं जास्तच चाललं, 56 गाणी. दर आठवड्याला नवं गाणं द्यायचं ठरलेलं, म्हणून गदिमा लिहीत गेले, बाबूजी चाली लावत गेले. ठरलेली वेळ आणि वाट बघणारं गाव, एवढं मिळालं की माणसं कामाला लागतात.

पण आकाशवाणीत ऑडिशन असते, ग्रेड असते. असावीच, त्याबद्दल तक्रार नाही. आईचं मंडळ त्या दारातून आत गेलं नसतं. बोपोडीच्या भजनाला, वस्तीतल्या शाहिराला, कॉलेजच्या नव्या बँडला दुसरं दार लागतं. प्रसारणाच्या लहरी जनतेच्या मालकीच्या आहेत, असं सुप्रीम कोर्टानं 1995 मध्येच सांगितलं. आधी कम्युनिटी रेडिओचे परवाने फक्त शिक्षणसंस्थांना होते, 2006 पासून सामाजिक संस्थांनाही मिळू लागले. निम्मे कार्यक्रम तरी स्थानिक हवेत असा नियम आहे. पुण्यात विद्यापीठाची विद्यावाणी आहे, फिल्म इन्स्टिट्यूटचा, एफटीआयआयचा रेडिओ आहे. आणि तरी आपल्या वादकाची पारख आपण परक्या कंपनीच्या आकड्यावर करणार? राग येतो हो!

हो, मान्य आहे, 10-15 किलोमीटरपलीकडे आवाज पोचत नाही. हडपसरला खरखर ऐकू येते. बऱ्याच नव्या फोनमध्ये एफएमच नसतं, कंपन्यांनी ते बंद ठेवू नये हे 2023 मध्ये केंद्र सरकारला सांगावं लागलं. काही कार्यक्रम कंटाळवाणेही असतात.

पण ही केंद्रं चालवणाऱ्यांचा हिशोब बघा. तासाला फार तर 12 मिनिटं जाहिराती चालतात, एवढी मुभाही 2024 पासून. सरकारी जाहिरातीचा दर 10 सेकंदांना 74 रुपये. त्यात स्टुडिओ, वीज, पगार भागवायचे. तरीही कुणीतरी पोरगी दुपारभर बसून बारा बायकांचा आवाज नीट पकडते. तिच्यावर चिडायचं कसं? चीड येते ती आपलीच, आपण साधा फोन करून 'ऐकलं बरं का' म्हणत नाही.

प्रसारणाच्या दिवशी आमच्या घरी चाळीतले लोक जमले होते. बाबांनी आवाज वाढवला. आई मात्र कपाळाला आठ्या घालून बसली होती. अभंग संपल्यावर म्हणाली, 'टाळ पुढे पळतायत आमचे.' इतकी वर्षं गाऊन हे कुणाला कळलं नव्हतं, कारण स्वतःला बाहेरून कुणी ऐकलंच नव्हतं. मग सगळ्या जणी लयीच्या सरावासाठी वेगळ्या बसायला लागल्या. कार्तिकात शेजारच्या मंडळानं काकड्याला बोलावलं, 'रेडिओवर ऐकलं तुमचं' म्हणून. हे लाइकमधून झालं असतं? एखाद्याचं झालंही असेल. आईच्या मंडळाचं झालं नसतं, कारण तिथे कुणाकडेच तसला फोन नव्हता.

माझ्या मित्रयादीत पुण्यातल्या कम्युनिटी रेडिओत काम करणारे चार-पाच जण तरी आहात. रेकॉर्डिंगसाठी कुठल्या दिवशी, किती वाजता येता येईल, किती जण मावतात, पखवाज आणला तर चालतो का, हे खाली लिहा. बोपोडी, खडकी, औंध, पाषाणमधल्या मंडळांना आणि पोरांना मी स्वतः जाऊन सांगते. रिक्षाचे पैसे कमी पडले तर तेही बघू.