देशमुखी : ना जात, ना महाराजांनी वाटलेली पदवी

“देशमुख ही शिवछत्रपतींनी शूर मराठा सरदारांना दिलेली पदवी. सगळे देशमुख शहाण्णव कुळी. पुढे इंग्रजांनी वतनं हिसकावली.” हा मजकूर व्हॉट्सॲपवर फिरतोय. यातलं एकही विधान कागदांपुढे पुरतं टिकत नाही.

आधी ‘पदवी’. देशमुखी हे परगण्याचं, म्हणजे अनेक गावांच्या गटाचं, वंशपरंपरागत वतन; वतन म्हणजे पिढीजात काम आणि त्याबद्दलचे हक्क. आपल्या परगण्यातल्या गावांचा वसूल जमवून सरकारात भरायचा, पडीक जमिनीवर लावणी करवायची, गोतसभेत (स्थानिक न्यायसभेत) बसून तंटे तोडायचे, ही देशमुखाची कामं. परगण्याचा हिशेब देशपांड्याकडे, गावाचा कारभार पाटलाकडे, गावचं दप्तर कुलकर्ण्याकडे. मोबदल्यात देशमुखाला इनाम जमीन, वसुलावर रुसूम (ठरलेला वाटा) आणि मानपान मिळे. हे सगळं निजामशाही-आदिलशाहीत रूढच होतं. रोहिडखोऱ्यातले कारीचे कान्होजी जेधे स्वराज्याआधीचे देशमुख. १६५९ मध्ये अफजलखान आला तेव्हा ‘खानाला सामील व्हा’ असं आदिलशाही फर्मान त्यांना आलं, आणि त्यांनी वतनावर पाणी सोडलं ते महाराजांसाठी. त्याच खोऱ्यातले खंडोजी खोपडे मात्र खानाला मिळाले. वतन टिकवायचं की स्वराज्य, असा तो पेच होता.

महाराजांचं धोरण तर वतनदारी आवळण्याचं. देशमुखांनी कोट-हुडे (तटबंदी-बुरूज) बांधून रयतेवर चालवलेली मनमानी बखरकार सभासदाने नोंदवली आहे. महाराजांनी ते वाडे-कोट पाडले, हक्क ठरवून दिले आणि साध्या घरात राहायला लावलं. पुढे रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात, म्हणजे राज्यकारभारावरच्या ग्रंथात, वतनदारांना राज्याचे दायाद, म्हणजे वाटेकरीच म्हटलं. हे पदवी वाटणाऱ्या राज्याचे शब्द वाटत नाहीत.

इथे आणखी एक घोळ होतो. दहा टक्क्यांची सरदेशमुखी हा प्रत्येक देशमुखाचा हक्क नव्हे. तो छत्रपतींनी दख्खनचे सरदेशमुख या नात्याने सांगितलेला हक्क. दख्खनच्या सहा सुभ्यांवरच्या त्याच्या सनदा १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथांनी दिल्लीहून आणल्या. गावोगावच्या देशमुखांचं रुसूम वेगळं, आणि तेही परगण्यागणिक निराळं.

आता ‘सगळे शहाण्णव कुळी’. बाळाजी विश्वनाथांचं भट घराणं श्रीवर्धनचं देशमुख, चित्पावन. लोकहितवादी गोपाळ हरी देशमुखही चित्पावन, मूळ आडनाव सिधये. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख चांद्रसेनीय कायस्थ प्रभू. पंजाबराव देशमुख विदर्भातले कुणबी, मूळ आडनाव कदम. कोकणात मुसलमान देशमुख आहेत आणि तेलंगणात रेड्डी-वेलमा. १९४६ नंतर तिथल्या शेतकऱ्यांचा सशस्त्र लढा पेटला तो विस्नूरच्या रामचंद्र रेड्डी देशमुखासारख्यांच्या जुलमाविरुद्ध. मजकुरात अर्धं खरं एवढंच, की मराठा देशमुख घराणी पुष्कळ होती आणि वऱ्हाडात त्यांनी आपसांतच सोयरिकी करून वेगळा थर केला. थर म्हणजे जात नव्हे. शिवाय वतनाच्या तक्षिमा (वाटण्या) पडत, वतन गहाण पडे, विकलंही जाई. त्यामुळे आडनाव देशमुख म्हणून देशमुखी त्या घराकडे होतीच, असं धरता येत नाही.

राहिले इंग्रज. १८५२ च्या इनाम कमिशनने सनदा तपासल्या, अनेक इनामं खालसाही झाली. पण देशमुख-देशपांड्यांसारख्या परगणे वतनदारांची चाकरी माफ करून, उत्पन्नातला काही वाटा कापून, वतन त्यांच्याकडेच ठेवलं. १८७४ च्या कायद्याने तर ते नीट बांधून दिलं. वतन संपवलं ते स्वतंत्र भारतात, मुंबई राज्याच्या १९५० च्या परगणे व कुलकर्णी वतने नष्ट करणाऱ्या कायद्याने, १ मे १९५१ पासून. पाटलांचा हक्क १ जानेवारी १९६३ ला गेला.

घराण्याकडे वतन होतं का हे पाहायचं तर आडनाव सोडा. तलाठ्याकडे गाव नमुना ३ (दुमाला, म्हणजे इनाम-वतनाच्या, जमिनींची नोंदवही) आणि जुने फेरफार बघा. १९५१ नंतरच्या फेरफारात ‘वतन नष्ट’ किंवा पुनर्प्रदानाची (जमीन पुन्हा त्याच घराला दिल्याची) नोंद सापडली तर मागे पुण्याच्या पेशवे दप्तरापर्यंत जाता येतं. तिथे मोडी वाचणारा माणूस बरोबर लागतोच.

जातीच्या दाखल्यासाठी ‘देशमुख’चा उपयोग शून्य. ओबीसी दाखल्याला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा वडील, आजोबा किंवा पितृकुळातल्या रक्ताच्या नातलगाचा पुरावा लागतो. शाळेच्या रजिस्टरात किंवा महसुली कागदात जातीच्या रकान्यात काय लिहिलंय तेवढंच पाहिलं जातं. अर्ज अडकतात ते इथे, कारण लोक सनदेची झेरॉक्स जोडतात आणि आजोबांचा शाळेचा दाखला घरीच ठेवतात.