कारण असले म्हणजे निवड नसते काय?

‘मेंदू आधी ठरवतो, आपल्याला मागाहून कळते, सगळे आधीच ठरलेले असल्याने विचार करणे व्यर्थ आहे आणि कोणीच कशाला जबाबदार नाही,’ अशा आशयाचा मजकूर सध्या कोल्हापुरात बऱ्याच जणांच्या मोबाइलवर फिरतो आहे. त्यातली विधाने एकामागून एक तपासली, तर शेवटचा निष्कर्ष टिकत नाही.

पहिल्या विधानाचा आधार मेंदूशास्त्रज्ञ बेंजामिन लिबेट यांचा १९८३ चा प्रयोग आहे. वाटेल तेव्हा मनगट हलवायचे आणि इच्छा नेमकी केव्हा जाणवली ते सांगायचे, एवढेच त्यात करायचे होते. मेंदूतील विद्युतबदल हालचालीच्या सुमारे ५५० मिलिसेकंद आधी सुरू झालेला दिसला, इच्छेची जाणीव मात्र सुमारे २०० मिलिसेकंद आधीची होती. पण तो बदल म्हणजेच निर्णय, हे प्रयोगाने सिद्ध केले नव्हते. मेंदूत सतत चालणारे यादृच्छिक चढउतार एका मर्यादेला पोचले की हालचाल घडते असे मानले, तरी तसाच आलेख मिळतो, हे ॲरन शुर्गर आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखवले. शेवटच्या क्षणी कृती रोखण्याची मुभा खुद्द लिबेट यांनीही जाणिवेकडे ठेवली होती. फिरणाऱ्या मजकुरातून नेमके तेवढेच गळाले आहे.

विचार व्यर्थ ठरतो, हे दुसरे विधान नियतत्ववाद (प्रत्येक घटना आधीच्या कारणांनी ठरते, हे मत) आणि दैववाद यांची गल्लत करते. पंचगंगेचे पाणी राजाराम बंधाऱ्यापाशी ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडून ४३ फुटांच्या धोका पातळीकडे सरकू लागले, की नदीकाठची कुटुंबे जनावरे आणि धान्य हलवतात. २०१९ चा पूर त्यांनी पाहिलेला असतो, म्हणजे त्यांच्या निर्णयालाही कारण असते. तरीही धान्य वाचते ते त्या निर्णयामुळेच. काहीही केले तरी व्हायचे ते होणारच, असे दैववाद म्हणतो. नियतत्ववादात मात्र आपण काय करतो हाही कारणसाखळीचाच दुवा असतो.

जबाबदारीचा प्रश्न अधिक अवघड आहे. भारतीय न्याय संहितेचे कलम २२ मनोविकारामुळे आपल्या कृत्याचे स्वरूप किंवा त्यातील गैर कळू न शकणाऱ्याला गुन्ह्यातून वगळते. कृत्याला कारण होते की नव्हते, हे तेथे विचारलेच जात नाही. समज शाबूत होती का, हे विचारले जाते. आपले संगोपन कोणी निवडत नाही, म्हणून केवळ सूड म्हणून दिलेल्या शिक्षेचे समर्थन करणे कठीण आहे, हा जबाबदारी नाकारणाऱ्यांचा मुद्दा मला मान्य आहे. मात्र त्यातून शिक्षेचे स्वरूप बदलण्याची मागणी निघते. समजून-उमजून फसवणारा आणि भ्रमात वावरणारा यांना एकाच मापाने मोजण्याचा आधार त्यात सापडत नाही.