हॉलमध्येच आहे

आमच्या हॉलच्या भिंती सोळा वर्षं पिस्ता रंगाच्या होत्या आणि त्याबद्दल घरात कुणाची तक्रार नव्हती. एका भिंतीवर सिद्धरामेश्वरांचा फोटो, दुसरीवर मुक्ताचा पदवीचा झगा घातलेला फोटो, तिसरीवर दुधाचा हिशेब लिहायचं कॅलेंडर आणि चौथीला शोकेस. शोकेसमध्ये एक ताजमहाल, एक विठोबा आणि कुणी दिलं ते आता कुणालाच आठवत नाही असं काचेचं बदक. मग मुक्ता नोकरीसाठी स्वीडनला गेली.

गाव गोथेनबर्ग. मी शाळेत भूगोल शिकवते, त्यामुळे नकाशात बोट बरोबर पडलं, पण उच्चार चुकला. "आई, योतेबोरी म्हणायचं," मुक्ता फोनवर म्हणाली. लिहायचं एक आणि बोलायचं भलतंच, याचं आम्हाला काय कौतुक? आम्ही सोलापूरकर लिहितो 'काय करत आहात' आणि म्हणतो 'काय करलालाव'.

पहिल्याच हिवाळ्यात तिनं दिवाणखान्यांचे फोटो पाठवायला सुरुवात केली. राखी भिंती, पांढरं छत, फिकट लाकडाची जमीन, एक राखी सोफा, त्याच्यावर मेंढीचं कातडं, आणि मधोमध काँक्रीटचा गुळगुळीत चौकोनी खांब. खांबाला काळं तोंड, तोंडात विस्तव. हा फायरप्लेस. एकाही फोटोत माणूस नव्हता. भूक लागली म्हणून उठून गेले असावेत.

"आपला हॉल असा करायचा," मुक्ता म्हणाली. "पैसे मी पाठवते."

आता तिकडे ते तसं का करतात, हे मला समजत होतं. योतेबोरी साधारण 57.7 उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरात तिथं दिवस जेमतेम साडेसहा तासांचा, आणि भरदुपारी सूर्य क्षितिजाच्या वर नऊ अंश, म्हणजे आपल्याकडे शेजारच्या गच्चीवर वाळत घातलेल्या साड्यांच्या मागेच राहील इतका. असा पाहुण्यासारखा येणारा उजेड भिंतींनी गिळू नये म्हणून भिंती फिक्या ठेवायच्या. काँक्रीटचं कारणही सरळ आहे. ते हळूहळू तापतं आणि हळूहळूच निवतं, विस्तव विझला तरी रात्रभर खोलीला ऊब देत राहतं. ही युक्ती तिकडं जुनीच. लाकूडफाटा महागला म्हणून 1767 साली क्रोनस्टेट आणि व्रेडे या दोघा स्वीडिश गृहस्थांनी शेगडीच्या आत धुराची वाट नागमोडी करून ठेवली, म्हणजे धूर बाहेर पडायच्या आधी आपली सगळी ऊब विटांच्या हवाली करतो. हे मुक्तानंच सांगितलं आणि मला मनापासून आवडलं. मी ते नववीच्या वर्गात सांगितलंसुद्धा.

पण सोलापूर 17.7 अंशावर. दोन गावांमध्ये बरोबर चाळीस अंशांचा फरक, आणि तो नुसता अक्षांशाचा नाही. आमच्याकडे मेच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य असा काही डोक्यावर येतो की दुपारी खांबाला सावली राहत नाही. मी मुलांना अंगणात नेऊन दाखवते, मुलं पळत वर्गात परत येतात. आणि हळू तापणारं, रात्रभर ऊब देणारं काँक्रीट म्हणाल तर ते आमच्या डोक्यावर अंथरलेलंच आहे. दुपारभर तापलेला स्लॅब रात्री अकरापर्यंत खाली ओकत असतो. सबंध घरच फायरप्लेस, आपण आतली लाकडं.

तरी मी हो म्हटलं. लेक दोन वर्षं घरी आली नव्हती. हॉल तसा केला तर येईल आणि त्यात बसेल, असं मला वाटलं. हे मी कुणाला बोलले नाही.

पुण्याहून एक डिझायनर आला. फार सभ्य मुलगा. शोकेसकडे बघून म्हणाला, "हा व्हिज्युअल नॉइज आहे." बदक, विठोबा आणि ताजमहाल पोत्यात गेले. कॅलेंडर स्वयंपाकघराच्या दारामागे गेलं, आणि त्या आठवड्यात आमचं पाणी चुकलं. सोलापुरात पाणी चार-पाच दिवसांआड येतं. ते कोणत्या दिवशी, किती वाजता, हे त्या कॅलेंडरवर लाल पेनानं लिहिलेलं असतं. नॉइज म्हणे.

भिंती राखी झाल्या त्या दिवशी अण्णा, म्हणजे माझे सासरे, काठी टेकत हॉलमध्ये आले. अण्णांची सगळी नोकरी कापडाच्या मिलमध्ये जॉबर, म्हणजे कामगारांवरचा मुकादम, म्हणून गेली. चारही भिंती त्यांनी जवळून बघितल्या, एका भिंतीवर कापड तपासल्यासारखा अंगठा फिरवला.

"रंग कोणता म्हणायचा हा?"

"ग्रे," डिझायनर म्हणाला.

"ते कळतंय. मागावरनं उतरलेला माल ग्रेच असतोय. डाईंगला कधी पाठवणार?"

डिझायनरनं माझ्याकडे पाहिलं. मिलच्या भाषेत ग्रे म्हणजे न धुतलेलं, न रंगवलेलं कोरं कापड, हे त्याला कुणी शिकवलं नसावं. यानंतर महिनाभर घरी जो येईल त्याला अण्णा सांगत राहिले, "माल अजून ग्रेच आहे. पार्टी पैसे देईना झाली."

फायरप्लेसचं काम अक्कलकोटकडच्या मिस्त्रीनं केलं. सिमेंट घोटून घोटून त्यानं आरशासारखं केलं आणि मग मला बाजूला घेऊन विचारलं, "वैनी, गॅस संपतोय का सारखा?" चूल हॉलमध्ये का घालतात, याचं दुसरं कारण त्याला सुचेना. खरा प्रश्न चिमणीचा निघाला. स्लॅबला भोक पाडून पाईप गच्चीच्या वर काढायचा होता. अण्णा भडकले.

"साखर कारखान्याची चिमणी पाडेपर्यंत गाव भांडून भांडून दमलं, आणि तुम्ही नवीन बांधलालाव?"

तेही खरंच. विमानं उतरावीत म्हणून 2023 च्या जूनमध्ये ती उंच चिमणी पाडली, तेव्हा आमच्या गच्चीवर माणसं जमली होती. त्याच्याआधी अण्णांच्या डोळ्यांदेखत मिलच्या चिमण्या थंड झाल्या. "चिमणीतनं धूर निघाला की पगार व्हायचा," ते म्हणाले. "ही चिमणी काय पगार देती?" त्यानंतर ते या विषयावर बोलायचेच बंद झाले. हे इथं नीट सांगून ठेवते, कारण पुढचा घोटाळा यातूनच झाला.

डिसेंबर संपता संपता काम उरकलं. मुक्ताची सुट्टी मंजूर झाली, तिकीट झालं. लाकडं तेवढी आणायची राहिली होती. स्वीडनमध्ये बर्चचं लाकूड जाळतात, इथं बाभूळ. आमचे हे लाकडाच्या वखारीत गेले. ऊन होतं म्हणून डोक्याला पांढरा पंचा गुंडाळलेला. तिथं झालेलं बोलणं यांनी मला नंतर शब्दन् शब्द सांगितलं, आणि सांगतानाही त्यांना त्यात काही वावगं दिसत नव्हतं.

"वीस किलो लाकूड द्या," हे म्हणाले.

वखारवाला ओळखीचा. त्यानं यांच्या पंच्याकडे पाहिलं, आवाज खाली आणला. "कधी झालं वो?"

"परवा. एकदाचं झालं बाबा. सगळ्यांना फार त्रास झाला."

"घरीच?"

"हो, हॉलमध्येच आहे."

"परवापास्नं हॉलमध्येच?"

"मग दुसरीकडं कुठं? मुलगी स्वीडनहून निघालीय. उद्या रात्री पोचेल. ती आल्याशिवाय पेटवायचं नाही, असं ठरलंय."

वखारवाल्यानं टोपी काढून हातात घेतली. "मग बर्फाचं काय केलाव?"

"बर्फ इथं कुठला! तिकडं पडतो."

"आणि अण्णा?" त्यानं अगदी हळू विचारलं.

"अण्णांचा आधी फार विरोध होता. आता एकदम शांत आहेत."

वखारवाल्यानं डोळे पुसले. मग व्यवहाराचं म्हणाला, "वीस किलोत काय होतंय? तीन क्विंटल तरी लागतंय."

"एवढी? एकदा पेटवायला?"

"एकदाच पेटवायचं असतंय, साहेब."

यांना ते पटलं. तीन क्विंटल बाभूळ घेतली. वखारवाल्यानं गवऱ्यांची दोन पोती टेम्पोत टाकली, त्याचे पैसे घेईना. "अण्णांसाठी एवढं राहू दे. बांबू सांगून ठेवू का?" हे म्हणाले, "बांबू नको. डिझायनरनं वर काही ठेवू नका म्हणून बजावलंय."

दुपारी टेम्पो दारात रिकामा झाला. गल्लीनं लाकडं पाहिली, गवऱ्या पाहिल्या, पंचा गुंडाळलेले हे पाहिले. शेजारच्या अक्कांनी रस्त्यावरूनच हंबरडा फोडला. अक्का तेलुगू, त्यांच्या यजमानांचा दोन मागांचा कारखाना. अण्णांवर त्यांचा वडिलांसारखा जीव. मी शाळेत होते. तासाभरात अण्णांचे मिलमधले तीन जोडीदार हार घेऊन आले आणि त्यांनी कडी वाजवली. दार अण्णांनी उघडलं.

कुणालाच काही सुचेना, असं अक्का सांगतात. अण्णांनी हार बघितला, टेम्पोतून उतरलेला ढीग बघितला. मग म्हणाले, "आणलाच आहे तर घाला. या, बसा."

मी घरी आले तेव्हा अण्णा गळ्यात शेवंतीचा हार घालून राखी सोफ्यावर बसले होते आणि अक्कांनी आणलेलं पिठलं-भाकरी खात होते. सुतकाच्या घरी चूल पेटवत नाहीत म्हणून शेजारचे पिठलं-भाकरी आणतात, ती ही. "चांगलं झालंय," ते मला म्हणाले. "मीठ जरा कमी आहे. पण अशा वेळी नावं ठेवू नयेत." राखी भिंतींमुळे तो सगळा देखावा इतका बेतशीर दिसत होता की डिझायनरला फोटो पाठवावा असं वाटलं.

मुक्ता आली. सिद्धरामेश्वरांची गड्ड्याची यात्रा तोंडावर होती. "होम पेटवायचा तर होम मैदानावर पेटवतात," असं म्हणून अण्णा आपल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. रात्री नऊला आम्ही फायरप्लेस पेटवला. शाळेतला थर्मामीटर मी मुद्दाम आणला होता: बाहेर 18 अंश. बाभळीनं पेट घेतला, छान तडतड झाली, मुक्तानं लोकरीचा स्वेटर घालून फोटो काढला. सहाव्या मिनिटाला धूर वर जायचा थांबला आणि आमच्याकडे निघाला. काम उरकल्यापासूनच्या दिवसांत पारव्यांनी त्या चिमणीत बिऱ्हाड केलं होतं. पारवे केव्हाच उडाले, घरटं मात्र वाटेत बसलं. हे डोळे चोळत उठले आणि सवयीनं पंखा पाचावर केला. राख सोफ्यावर, मेंढीच्या कातड्यावर, आमच्या केसांत, सगळीकडे सारखी पसरली. आता हॉल खरोखर एका रंगाचा झाला. थर्मामीटर 36 दाखवत होता.

आम्ही अंगणात पळालो. अण्णा आधीच तिथं होते. त्यांनी जमिनीत खड्डा करून त्या गवऱ्यांची आगटी लावली होती आणि ज्वारीची कोवळी कणसं भाजत होती ती हातावर चोळत होते. मी म्हटलं, "अण्णा, या गवऱ्या कशासाठी दिल्या होत्या माहीत आहे ना?"

"माहीत आहे. माझ्याच आहेत," ते म्हणाले आणि मुक्ताच्या ओंजळीत गरम हुरडा ओतला. वर शेंगाचटणी. मध्यरात्र होईतो बसलो. थंडी पडली तशी अक्कांनी भिंतीवरून दोन चादरी टाकल्या, लालभडक, मोरांच्या.

दहा दिवसांत मुक्ता त्या हॉलमध्ये एकूण चाळीसेक मिनिटं बसली. बाकी सगळा वेळ स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी, मी भाकरी थापत असताना बडबड करत. एवढं आधी कळतं तर रंगाचा खर्च वाचला असता.

आता मे आहे. पारा 43 वर आहे, पाणी पाचव्या दिवशी येतं. मार्चमध्ये चिमणी साफ करून घेतली आणि एक दिवस अण्णांनी सहज म्हणून फायरप्लेसच्या तोंडाशी हात धरला. आत वारा लागत होता. गच्चीवरचा पाईप उन्हानं तापतो, त्यातली हवा वर पळते आणि तिच्या जागी हॉलमधली हवा काळ्या तोंडातून आत ओढली जाते. माठाला याहून काय हवं? हवा खेळती असली की माठातून पाझरलेलं पाणी भराभर उडतं आणि उडताना आतल्याला गार करतं. हे मी नववीला शिकवते, पण माझ्या डोक्यात आलं नाही. मिलमध्ये जन्म गेलेल्या माणसाच्या आलं. साडेसहा हजार किलोमीटरहूनही लांबून आलेल्या त्या अग्निस्थानात आता तिवईवर एक मोठा माठ आहे, त्यावर ओलं फडकं, बाजूला पाण्याच्या दोन कळश्या. गल्लीतली माणसं पाणी प्यायला येतात. हॉलमध्ये बसतातसुद्धा. विठोबा पोत्यातून परत आला आहे, बदकाचं अजून ठरत नाही.

माठ आणायला अण्णा स्वतः गेले होते, नातवाच्या वयाच्या रिक्षावाल्याला बरोबर घेऊन. कुंभाराचं दुकान वखारीला लागूनच. वखारवाला बाहेर आला, अण्णांकडे वरपासून खालपर्यंत बघत राहिला. जरा अवघडून म्हणाला, "अण्णा, राग मानू नका. पण त्या दोन पोती गवऱ्या मी तुमच्या नावानं सोडल्या होत्या. आता तुम्ही असे हिंडलालाव म्हटल्यावर, त्याचे पैसे..."

अण्णांनी माठ बोटानं वाजवून बघितला. आवाज खणखणीत आला.

"मांडून ठेव," ते म्हणाले. "एकदमच घे."